दोन बोटं ढील

क्लच दाबला की खाली जायचा
आणि तिथंच बसायचा,
पंगतीत जागा धरलेल्या पाव्हण्यासारखा.
मग बुटाचं टोक खालनं घालून
मी त्याला वर उचलायची.
दाब, उचल. दाब, उचल.
अठरा एचपीचा बुटका ट्रॅक्टर, मागं ब्लोअर,
दोन्ही अंगाला द्राक्षाचे वेल,
अशी छाटणीपासनं आजपर्यंतची
सगळी फवारणी काढली.

बिरूनं सायकलची ट्यूब कापून
पेडल वर बांधून दिलं होतं.
म्हणाला, वहिनी, आता उन्हाळ्यापर्यंत बघायला नको.
चार दिवस ट्यूब ओढत राहिली.
पाचव्या दिवशी तीपण दमली.

इलाही मिस्त्री फोनवर म्हणाला, गुरुवारी येतो.
आज सोमवार.
सकाळी सावळजावर धुकं असं बसलेलं
की शेजारच्या बागेतला माणूस नुसता खोकला ऐकून ओळखायचा.
घड फुलोऱ्यात.
डावणी काय गुरुवारपर्यंत थांबत नसते.

रात्री भांडी आवरून
खताचं रिकामं पोतं अंथरलं
आणि पेडलखाली डोकं घालून आडवी झाले.
ह्यांनी बॅटरी धरली.
बॅटरी नेमकी मी बघत नव्हते तिकडंच पडायची.

नऊ वर्षं चालवतेय,
खालनं कधी पाहिलाच नव्हता.
सगळा निळा.
मोरचूद आणि चुना, त्यावर माती, त्यावर ग्रीस,
त्यावर पुन्हा निळा.
खरवडत गेलं असतं तर
किती फवारे झाले ते मोजता आलं असतं.

आधी स्प्रिंग काढली.
सगळ्यांनी तिच्यावरच आळ घेतलेला,
तासगावातनं नवी आणून खुंटीला अडकवलेलीसुद्धा.
ओढली, सोडली.
खट्‌कन माघारी आली. तरणीताठी.
तिचं काही चुकलं नव्हतं.

मग कॉटर पिन, मग वॉशर,
मग बाभळीचा तुकडा टेकवून हातोडी.
ह्यांचं म्हणणं, मोडशील.
चौथ्या ठोक्याला शाफ्ट हलला,
सहाव्याला हातात आला,
निम्मा गंजलेला, निम्मा निळा.

आणि बुशाच्या अंगाला तो फुगवटा,
जो मी आजवर लोखंडाचाच समजत होते.
खिळ्यानं टोकरला.
आत ग्रीसचं निप्पल.
दर दिवाळीला आम्ही ग्रीस मारायचो
ते सगळं वरच्यावर,
त्याच्या तोंडापर्यंत कधी गेलंच नव्हतं.

ह्यांच्याकडं बघितलं.
बॅटरी पहिल्यांदा नीट जागेवर आली.

डिझेलात चिंधी भिजवली.
पॉलिश पेपरनं शाफ्ट घासला,
अंगठ्याला खरखर लागेना तोवर.
बसवला. गनचा दांडा दाबला.
आधी नुसती हवा,
मग डांबरासारखं काळं,
मग बऱ्याच वेळानं, मी नाद सोडत आले तेव्हा,
मधाच्या रंगाचं नवं.

साडेअकराला मिस्त्रीला उठवला.
झोपेतच म्हणाला, दोन बोटं ढील ठेवा.
ताठ ठेवला तर प्लेट जळती,
जास्त ठेवला तर गिअर ओरडतो.
कुणाची बोटं, मी विचारलं.
माझी का ह्यांची?
तिकडं जरा शांतता.
मग म्हणाला, जो चालवतो त्याची.

मी माझी लावली.

पहाटे साडेपाचला टाकी भरून निघाले.
पेडल दाबलं की जात होतं,
सोडलं की येत होतं,
कुणी न सांगता, बुटाच्या मागं मागं.
ट्यूबचा तुकडा मडगार्डला लोंबत होता,
तो काढायचा राहूनच गेला.

पाचव्या ओळीच्या टोकाला वळताना
पाय आपोआप खाली सरकला,
टोक आत घातलं,
उचललं.

तिथं काही नव्हतं.
पेडल कधीच वर येऊन थांबलेलं.
सहाव्या ओळीलाही तसंच.
सातव्यालाही.